शोधनिबंध : रुग्णपत्रकापासून प्रकाशनापर्यंत

आपल्या व्यवसायात तीस-चाळीस वर्षे घालवलेला वैद्य कोणत्याही संमेलनात बोलावयास उभा राहिला की, त्याच्या अनुभवातून एखादे तरी मोलाचे निरीक्षण हाती लागते. कोणत्या अवस्थेत लंघन द्यावे, कोणत्या रुग्णास स्नेहन सोसत नाही, कोणता काढा कोणत्या ऋतूत अधिक गुण देतो, हे तो सहज सांगून जातो. सभा संपते, टाळ्या होतात आणि ते निरीक्षण सभागृहातच राहते. पुढे तो वैद्य निवर्ततो, त्याचा दवाखाना बंद होतो आणि त्याबरोबर त्याचा अनुभवही नाहीसा होतो. आपल्या शास्त्राची ही हानी नित्याची झाली आहे. ती थांबवण्याचा एक मार्ग म्हणजे आपले काम शोधनिबंधाच्या रूपाने वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध करणे. हा निबंध कसा सिद्ध करावा व कसा पाठवावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभी आमच्याच अपयशाची हकिकत सांगणे योग्य ठरेल. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच वैद्यांनी मिळून आमवाताच्या रुग्णांवरील आपली निरीक्षणे एकत्र केली. महारास्नादि काढा व सिंहनाद गुग्गुळ ही चिकित्सा सर्वांची समान होती. उत्साहाने निबंध लिहिला आणि एका नियतकालिकाकडे पाठवला. परीक्षकांनी तो तीन प्रश्नांसह परत केला. काढ्यातील रास्ना नेमकी कोणती वनस्पती होती? मध्येच येणे बंद केलेल्या रुग्णांचे काय झाले? रुग्णांची संमती व नैतिकता समितीची अनुमती कोठे आहे? तीनही प्रश्नांस आमच्याजवळ उत्तर नव्हते. काढा पाच जणांनी पाच ठिकाणांहून घेतला होता. जे रुग्ण पुन्हा आले नाहीत, त्यांची नावेच आम्ही यादीतून वगळली होती. संमती तोंडी होती आणि अनुमती घ्यावी लागते, हे आमच्या ध्यानीच आले नव्हते. प्रथम आम्हांस राग आला. नंतर शांतपणे विचार करता उमगले की, हे प्रश्न आयुर्वेदाविरुद्ध नव्हते, ते आमच्या नोंदींविषयी होते. त्यांची उत्तरे लिहावयास बसल्यावर निर्माण करता येत नाहीत. ती पहिल्या दिवशीच्या रुग्णपत्रकात असावी लागतात.

परंपरा आपलीच आहे

आपला ग्रंथ विद्वत्सभेपुढे ठेवून तिची मान्यता घेणे ही रीत परकी आहे, असा समज पुष्कळांचा असतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिलाच अध्याय पाहावा. अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत व क्षारपाणि या सहा शिष्यांनी आपापली तंत्रे रचली आणि ती ऋषिसमुदायासमवेत बसलेल्या आत्रेयांना ऐकवली. सभेने अनुमोदन दिल्यानंतर ती लोकांत प्रतिष्ठा पावली. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे विवेचन आहे आणि तिचे संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा असे दोन प्रकार सांगितले आहेत. नियतकालिकाच्या परीक्षकांशी होणारा पत्रव्यवहार ही संधायसंभाषाच समजावी.

प्रकाशनाचे महत्त्व सर्पगंधेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ही वनस्पती आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. १९३१ साली कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये लिहिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रिसर्पीन वेगळे केले, तर १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. वनस्पती तीच होती आणि गुणही तोच होता. ५० रुग्णांची मोजलेली नोंद योग्य वाचकांपुढे गेली, एवढेच नवे घडले.

उलट दिशेचे उदाहरणही ध्यानात घ्यावे. ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’च्या १५ डिसेंबर २००४ च्या अंकात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचे परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. अशा निबंधाचा निषेध सभेत ठराव करून होतो, पण वैज्ञानिक जगतात त्याला उत्तर दुसऱ्या निबंधानेच द्यावे लागते. त्यासाठी प्रत्येक घाण्याचे परीक्षण व त्याची नोंद औषधनिर्मात्याच्या दप्तरी हवी.

निबंधाचा प्रकार प्रथम ठरवावा

दवाखाना चालवणाऱ्या वैद्याने एकदम मोठ्या चिकित्सा-परीक्षणास हात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच्या आवाक्यातील पहिला प्रकार म्हणजे रुग्णवृत्त, अर्थात एकाच रुग्णाची सांगोपांग हकिकत. यासाठी २०१३ साली ‘केअर’ या नावाने मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध झाली. त्यांत शीर्षकापासून संमतीपर्यंत तेरा मुद्दे दिलेले आहेत. त्यांपैकी दोन आपल्याकडे हमखास राहून जातात. पहिला म्हणजे घटनांचा तारीखवार क्रम आणि दुसरा म्हणजे स्वतः रुग्णाचे त्याच्या आजाराविषयीचे व उपचाराविषयीचे म्हणणे.

दुसरा प्रकार रुग्णमालिकेचा. एकाच व्याधीचे, एकाच चिकित्सेचे अनेक रुग्ण क्रमाने नोंदवणे, असे तिचे स्वरूप असते. येथे ‘क्रमाने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गुण आलेले रुग्ण वेचून केलेली मालिका ही निवड होय, निरीक्षण नव्हे. तिसरा प्रकार दोन गटांच्या तुलनेचा. त्यात रुग्ण कोणत्या गटात जाईल हे वैद्याच्या इच्छेवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवले जाते. अशा परीक्षणाच्या वृत्तांतासाठी ‘कन्सॉर्ट’ ही सूत्रे १९९६ पासून प्रचलित आहेत आणि २००६ साली वनौषधींच्या परीक्षणांसाठी त्यांना स्वतंत्र पुरवणी जोडण्यात आली. आयुर्वेदीय लेखकाने ही पुरवणी अवश्य अभ्यासावी.

औषधनिर्मात्यांस चौथा प्रकार अधिक जवळचा आहे. तो म्हणजे द्रव्याची ओळख, शोधन, निर्मितीची प्रक्रिया, सिद्ध औषधाची परीक्षा व त्याची टिकाऊ मुदत यांविषयीचा भैषज्यकल्पनेचा निबंध. आपल्या कारखान्यात रोज होणारे काम नीट मोजले व लिहिले, तर त्यातूनच असा निबंध उभा राहतो. औषधे व प्रसाधने नियमांत २०१० साली १५८-ब हा नियम समाविष्ट झाल्यापासून परवान्यासाठी औषधाच्या प्रकारानुसार प्रकाशित वाङ्मय किंवा परिणामकारकतेचा पुरावा मागितला जातो. त्यामुळे या लेखनाचा व्यावहारिक लाभही उघड आहे.

अनुमती, संमती व नोंदणी

रुग्णांवर योजनापूर्वक काही अभ्यास करावयाचा असेल, तर संस्थात्मक नैतिकता समितीची लेखी अनुमती अभ्यासापूर्वी घ्यावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत याचे सविस्तर विवेचन आहे. खाजगी वैद्याजवळ अशी समिती नसते, म्हणून त्याने जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या समितीकडे विचारणा करावी. अभ्यास संपल्यावर मागील तारखेची अनुमती मागणे गैर आहे आणि ती देणेही गैर आहे.

संमतीपत्र रुग्णास समजेल अशा मराठीत असावे. ‘मला सर्व समजले, माझी हरकत नाही’ एवढ्या एका ओळीवर घेतलेली सही पुरेशी नाही. औषध कोणते, किती दिवस, त्रास झाल्यास कोणाशी संपर्क साधावा, मध्येच बाहेर पडल्यास नेहमीचा उपचार चालूच राहील, हे सर्व त्यात आले पाहिजे. एका रुग्णाचे वृत्त छापावयाचे असले तरी प्रकाशनासाठी त्याची वेगळी लेखी संमती घ्यावी. छायाचित्रात चेहरा झाकला म्हणजे रुग्ण ओळखू येत नाही, असे मानू नये. लहान गावात हातावरील गोंदणावरूनही माणूस ओळखला जातो.

तिसरी गोष्ट नोंदणीची. २० जुलै २००७ रोजी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही नोंदवही सुरू झाली. तिच्यातील नोंदणीस शुल्क नाही. १ एप्रिल २०१८ पासून चिकित्सा-परीक्षणाची नोंद पहिला रुग्ण समाविष्ट करण्यापूर्वीच करावी लागते, नंतर ती स्वीकारली जात नाही. संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही २००५ पासून हीच अट घातलेली आहे. नोंदणीमुळे अभ्यासाच्या आरंभीच आपण काय मोजणार हे जाहीर होते. पुढे जे अनुकूल आले तेवढेच सांगण्याचा मोह त्यामुळे आपोआप आवरला जातो.

औषधाची ओळख

आता आमच्या रास्नेकडे वळू. उत्तर भारतात रास्ना म्हणून प्लुकिया लान्सिओलाटा ही वनस्पती घेतली जाते, तर दक्षिणेत त्याच नावाने अल्पिनिया गलंगा, म्हणजे कुलिंजन जातीचे मूळ, वापरले जाते. बंगालकडे वांदा कुळातील वनस्पतीस रास्ना म्हणतात. ब्राह्मीचेही तसेच. कोणी बाकोपा मोनिएरी देतो, कोणी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. शंखपुष्पीच्या नावाखाली तर तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती बाजारात येतात. अशा स्थितीत ‘रास्ना एक भाग’ असे लिहिणारा लेखक वाचकास काहीच सांगत नाही, कारण त्यावरून दुसऱ्या वैद्यास तो प्रयोग करून पाहता येत नाही.

म्हणून निबंधात द्रव्याचे संस्कृत नाव, वनस्पतिशास्त्रीय नाव, उपयुक्त अंग, संकलनाचे स्थान व ऋतू आणि ओळख कोणी पटवली हे लिहावे. शक्य असल्यास वनस्पतीचा वाळवलेला नमुना जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहात ठेवून त्याचा क्रमांक द्यावा. तयार औषध वापरले असेल, तर निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, घाणा क्रमांक व निर्मितीची तारीख द्यावी. काढा असल्यास भरडीचे व पाण्याचे प्रमाण आणि आटवणी किती केली ते सांगावे. सिंहनाद गुग्गुळासारख्या कल्पात गंधक असते. गंधक व गुग्गुळ यांचे शोधन कशात व किती वेळा केले, याचा उल्लेख वगळू नये. भस्म वा रसकल्प असेल, तर रेखापूर्णत्व, वारितरत्व आदी शास्त्रोक्त परीक्षांबरोबर प्रयोगशाळेतील धातुपरीक्षणाचा अहवालही द्यावा. मात्रा, काल, अनुपान व पथ्य हे तर चिकित्सेचे घटकच आहेत. ‘नेहमीप्रमाणे पथ्य सांगितले’ असे लिहिणे म्हणजे अर्धी चिकित्सा झाकून ठेवणे होय.

येथे औषधविक्रेत्यांस आमची एक विनंती आहे. सुटा काढा वा चूर्ण पुडीत बांधून देताना मूळ डब्यावरील घाणा क्रमांक पुडीवर लिहावा. हे दोन मिनिटांचे काम आहे. पण त्यावाचून वैद्याची सर्व नोंद पांगळी होते.

व्याधीचे नाव व ग्रंथाधार

आमवात म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असे समीकरण मांडून पुढे जाणे ही आपली जुनी सवय आहे. दोहोंत पुष्कळ साम्य असले तरी प्रत्येक आमवात त्या आधुनिक निदानाच्या चौकटीत बसत नाही. यास्तव दोन्ही निदाने स्वतंत्रपणे सिद्ध करावीत. माधवनिदानातील कोणती लक्षणे आढळली ते सांगावे आणि आधुनिक निदानासाठी २०१० साली अमेरिकन व युरोपीय संधिवात संस्थांनी संयुक्तपणे ठरवलेल्या निकषांपैकी कोणते पूर्ण झाले तेही सांगावे. दोष, दूष्य, अग्नी, प्रकृती यांच्या परीक्षणात आपण काय पाहिले व कसे ठरवले, हे लिहिल्यास परीक्षकास त्याचा अर्थ लागतो. आपल्या परिभाषेचे इंग्रजी प्रतिशब्द मनाने योजू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली आयुर्वेदाची प्रमाण परिभाषा सिद्ध केली आहे. तिचा आधार घ्यावा आणि मूळ संस्कृत शब्द सोबत ठेवावा.

‘शास्त्रात असे सांगितले आहे’ या वाक्याने आधार पुरा होत नाही. ग्रंथाचे नाव, स्थान, अध्याय व श्लोकांक द्यावा आणि कोणती टीका व कोणती आवृत्ती वापरली तेही नमूद करावे, कारण आवृत्तीगणिक श्लोकांक बदलतात. दुसऱ्याच्या लेखातील संदर्भ मूळ न पाहता उतरवून घेऊ नये.

निबंधाची अंगे

बहुतेक नियतकालिकांत निबंधाची चार अंगे रूढ आहेत. ती म्हणजे प्रस्तावना, साधने व पद्धती, निरीक्षणे व चर्चा. प्रस्तावनेत प्रश्न कोणता व तो का पडला एवढेच सांगावे. आयुर्वेदाची महती दोन पाने वर्णन करून विषयास हात घालणाऱ्या निबंधाचा वाचक पहिल्याच पानावर गळतो. पद्धतीत कोणते रुग्ण घेतले, कोणते वगळले, काय दिले व काय मोजले ते लिहावे. दुसऱ्या गावच्या वैद्यास त्यावरून तेच काम करता आले पाहिजे, ही तिची कसोटी. निरीक्षणांत केवळ निरीक्षणे असावीत, त्यांचा अर्थ चर्चेत यावा.

‘वेदना पुष्कळ कमी झाल्या’ यापेक्षा सकाळचा स्तंभ किती मिनिटांवरून किती मिनिटांवर आला, सुजलेले सांधे किती होते व किती राहिले, हे सांगणे योग्य. किती रुग्णांनी अभ्यास सोडला व का सोडला, कोणास मलप्रवृत्ती पातळ झाली, कोणास औषध सोसले नाही, हे प्रांजळपणे द्यावे. रुग्णसंख्या किती असावी व कोणती सांख्यिकी कसोटी लावावी, याविषयी संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला अभ्यासाच्या आरंभी घ्यावा. आकडे हाती आल्यावर त्याच्याकडे जाणे म्हणजे प्रसूतीनंतर गर्भिणीपरिचर्या विचारण्यासारखे आहे.

प्रांजळपणाने निबंधाचे वजन घटत नाही, याचे उत्तम उदाहरण क्षारसूत्राचे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने भगंदरावरील क्षारसूत्र चिकित्सेची शस्त्रकर्माशी तुलना करणारे बहुकेंद्री परीक्षण केले आणि ते १९९१ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाले. व्रण भरून येण्यास शस्त्रकर्मानंतर ४ आठवडे, तर क्षारसूत्राने ८ आठवडे लागले, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. त्याचबरोबर भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण शस्त्रकर्मानंतर ११ टक्के, तर क्षारसूत्रानंतर ४ टक्के आढळले, हेही सांगितले आहे. पहिला आकडा लपवला असता, तर दुसऱ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

सारांश सर्वांत शेवटी लिहावा. तो प्रायः २५० शब्दांच्या आत असावा आणि मूळ निबंधात नसलेले एकही विधान त्यात नसावे. शीर्षकात ‘रामबाण’, ‘अद्भुत’, ‘खात्रीशीर’ असे शब्द वर्ज्य समजावेत. ‘आमवातावरील रामबाण उपाय’ हे जाहिरातीचे शीर्षक झाले. ‘आमवाताच्या एका रुग्णात सिंहनाद गुग्गुळाचा उपयोग : रुग्णवृत्त’ हे निबंधाचे शीर्षक होय.

लेखक कोण, हितसंबंध कोणते

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती १९७८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे प्रथम एकत्र आली. हस्तलिखितांविषयीचे तिचे नियम आज बहुतेक नियतकालिके प्रमाण मानतात. लेखक म्हणवून घेण्यास त्यांत चार अटी आहेत. अभ्यासाच्या योजनेत किंवा माहितीच्या संकलनात व विश्लेषणात भरीव वाटा असावा, लेखनात किंवा त्याच्या संस्करणात सहभाग असावा, अंतिम मसुद्यास मान्यता दिलेली असावी आणि सर्व मजकुराचे उत्तरदायित्व स्वीकारलेले असावे. चारही पूर्ण व्हावयास हव्यात. आदरापोटी गुरुजींचे किंवा सोयीखातर संस्थाप्रमुखांचे नाव घालणे या नियमात बसत नाही. त्यांचे ऋण आभारात मानावे. संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने भाषा सुधारून घेतली असल्यास २०२३ पासूनच्या नियमांनुसार ते जाहीर करावे लागते. असे साधन लेखक ठरू शकत नाही आणि त्याने पुरवलेला प्रत्येक संदर्भ मुळाशी ताडून पाहण्याची जबाबदारी आपलीच राहते.

औषध ज्या निर्मात्याने विनामूल्य पुरवले किंवा ज्याने अभ्यासाचा खर्च सोसला, त्याचे नाव हितसंबंधांच्या निवेदनात स्पष्ट द्यावे. त्यात कमीपणा काही नाही. उघड सांगितलेला हितसंबंध वाचक समजून घेतो, मागाहून उघडकीस आलेला मात्र सर्व निबंधावर पाणी फिरवतो. निर्मात्यांनीही निधी देताना फलित प्रतिकूल आल्यास प्रकाशन रोखण्याचा अधिकार करारात मागू नये.

नियतकालिकाची निवड

लेख लिहिण्यापूर्वीच दोन-तीन नियतकालिके निवडून त्यांचे मागील अंक वाचावेत. जामनगरहून निघणारे ‘आयु’, २०१० साली सुरू झालेले ‘जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’, तसेच केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेची नियतकालिके आपल्या परिचयाची आहेत. अभ्यास आधुनिक निदानाच्या चौकटीत पक्का असेल, तर सर्वसाधारण वैद्यकीय नियतकालिकांचाही विचार करावा.

अलीकडे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला आहे. ‘आपला अमूल्य लेख आठ दिवसांत प्रसिद्ध करू’ असे गोड पत्र येते, शुल्क मागितले जाते आणि लेख न वाचताच छापला जातो. परीक्षण आठ दिवसांत होत नाही, हे ध्यानात ठेवावे. आयएसएसएन क्रमांक हा नियतकालिकाच्या ओळखीचा क्रमांक आहे, तो गुणवत्तेचा दाखला नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली आपली नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केल्यामुळे त्या यादीवर विसंबूनही आता चालणार नाही. संपादक मंडळावरील व्यक्ती खरोखर त्या विषयातील आहेत काय, लेख मान्य सूचीत समाविष्ट होतात काय, शुल्क आरंभीच स्पष्ट सांगितले आहे काय आणि मागील अंकांतील लेख वाचनीय आहेत काय, हे स्वतः पाहावे. शुल्क आकारणारे प्रत्येक नियतकालिक वाईट नसते. शुल्काशिवाय दुसरी चाळणी नसणारे मात्र टाळावे.

पाठवणी

प्रत्येक नियतकालिकाच्या ‘लेखकांसाठी सूचना’ असतात. त्यांतील शब्दमर्यादा, कोष्टकांची संख्या व संदर्भांची पद्धत अक्षरशः पाळावी. साधारणतः लेखकांची नावे व पत्ते असलेले शीर्षकपृष्ठ आणि नावे वगळलेले हस्तलिखित वेगवेगळ्या धारिकांत पाठवावे लागते, म्हणजे परीक्षकास लेखक कोण ते कळत नाही. दवाखान्याचे नाव मजकुरात राहून गेले नाही ना, हे तपासावे. संपादकांस उद्देशून एक छोटे पत्र जोडावे. त्यात लेखात नवे काय आहे ते दोन-तीन वाक्यांत सांगावे. तसेच लेख अन्यत्र प्रसिद्ध झालेला नाही व अन्यत्र विचाराधीनही नाही, असे निवेदन करावे. एकच लेख एका वेळी दोन ठिकाणी पाठवणे हा गंभीर प्रमाद समजला जातो. मजकुराचे इतर लेखनाशी असलेले साम्य आज संगणकाद्वारे तपासले जाते, म्हणून दुसऱ्याचे परिच्छेद उचलू नयेत आणि स्वतःचेही जुने परिच्छेद संदर्भाशिवाय पुन्हा वापरू नयेत. पाठवण्यापूर्वी सर्व सहलेखकांची लेखी मान्यता घ्यावी आणि पोचक्रमांक जपून ठेवावा.

परीक्षकांचे अभिप्राय

उत्तर येण्यास काही आठवडे किंवा काही महिनेही लागतात. ‘दुरुस्तीसह पुन्हा पाठवावे’ असे उत्तर आल्यास ती शुभवार्ता समजावी. प्रत्येक आक्षेपाखाली आपले उत्तर व मजकुरात केलेला बदल क्रमाने लिहावा. आक्षेप पटला नाही, तर सौम्य शब्दांत पण आधार देऊन तसे सांगावे. परीक्षकास आयुर्वेद समजत नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नये. त्याला समजले नाही ते आपण समजेल असे लिहिले होते काय, हे आधी पाहावे. लेख नाकारला गेल्यास आक्षेपांचा विचार करून तो सुधारावा व मगच दुसरीकडे पाठवावा. तसाच्या तसा पाठवल्यास तेच आक्षेप पुन्हा येतात.

आमचा परत आलेला निबंध मात्र सुधारता आला नाही. ज्यांच्या नोंदीच नव्हत्या, त्या मागाहून कशा भरणार? तो आम्ही कपाटात ठेवला आणि एका पानाचे रुग्णपत्रक छापून घेतले. त्यात तारीख, दोन्ही निदाने व त्यांची लक्षणे, मोजलेली मूल्ये, औषध, निर्माता, घाणा क्रमांक, मात्रा, अनुपान, पथ्य, पुढील भेटीची तारीख, रुग्ण न आल्यास विचारपूस केल्याची नोंद आणि संमतीची सही, एवढेच रकाने आहेत. आरंभी ते भरणे जाचक वाटे. आता त्यावाचून रुग्ण तपासल्यासारखे वाटत नाही. एक अनपेक्षित लाभही झाला. येणे बंद केलेल्यांची विचारपूस करू लागल्यावर त्यांतील काही जण गुण आल्यामुळे, तर काही जण गुण न आल्यामुळे येत नव्हते, हे आम्हांस प्रथमच कळले. निबंध नंतर होईल तेव्हा होईल, आमची चिकित्सा तेवढ्यानेही सुधारली.

वैद्यबंधूंनी व भगिनींनी, तसेच औषधनिर्मात्यांनी आपापल्या ठिकाणी असे एक पत्रक आजच सिद्ध करावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. वर्षभरानंतर त्या पत्रकांतून एखादे रुग्णवृत्त लिहावेसे वाटल्यास त्याचा मसुदा मंडळाच्या अभ्यासवर्गात वाचून दाखवावा. सहा शिष्यांनी आपली तंत्रे प्रथम आपल्याच सभेपुढे वाचली होती. परीक्षक जे विचारील, ते आधी आपल्यांतीलच कोणीतरी विचारलेले बरे.